पडलेल्या खांबांचे अर्थकारण

चक्रीवादळातून माणसे वाचवण्याचे तंत्र आपल्या प्रशासनाने बऱ्याच अंशी आत्मसात केले आहे. वीज वाचवण्याचे मात्र अद्याप नाही. ऑक्टोबर १९९९ मधील महाचक्रीवादळाने ओडिशात सुमारे दहा हजार बळी घेतले होते. मे २०१९ मध्ये ‘फनी’ पुरीजवळ धडकले तेव्हा सुमारे बारा लाख लोकांचे आधीच स्थलांतर झाले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे यश निर्विवाद मोठे. परंतु त्याच वादळाने विजेचे एक लाखाहून अधिक खांब आडवे केले आणि पुरी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दिवे परत लागायला कित्येक आठवडे गेले. वीज नाही म्हणजे नळाला पाणी नाही, रुग्णालयात शीतपेटी नाही आणि मोबाइल मनोरे मुके.

याचे कारण वाऱ्याइतकेच सरकारी निकषांतही आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०१५ च्या निकषांनुसार पडलेल्या खांबामागे चार हजार, एक किलोमीटर तारांमागे पन्नास हजार आणि रोहित्रामागे एक लाख रुपये मिळत. तेही ११ केव्हीपर्यंतच्या यंत्रणेसाठी व तातडीच्या दुरुस्तीपुरते. एवढ्या रकमेत पडला तसाच खांब पुन्हा उभा राहतो, तोही जेमतेम. अधिक वाऱ्याला टिकणारा खांब उभा करायचा तर वरची रक्कम तोट्यातल्या वितरण कंपनीने आणायची कोठून, याचे उत्तर त्या निकषांत नव्हते. थोडक्यात, खांब पडल्यावर सरकार पैसे देणार. तो पडू नये म्हणून खर्च करण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात सौम्यीकरण निधीची तरतूद होती, पण राष्ट्रीय पातळीवर तो स्थापन व्हायला २०२१ उजाडले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपये सुचवले आणि त्यातील वीस टक्के सौम्यीकरणासाठी राखले, हे त्या आयोगाचे श्रेय. राष्ट्रीय निधीतून शहरी पूर, दुष्काळ, धूप, भूस्खलन यांसाठी स्वतंत्र वाटे ठरले. वीजजाळ्यासाठी तसा वाटा नव्हता. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने वितरण सुधारणेची ३,०३,७५८ कोटींची योजना आणली. तिचा भर गळती घटवण्यावर आणि स्मार्ट मीटरवर. मीटर हवेच, पण खांबच आडवा झाला तर मीटरने मोजायचे काय?

उपाय अज्ञात नाहीत. २०१४ च्या ‘हुदहुद’नंतर विशाखापट्टणमने जागतिक बँकेच्या साहाय्याने भूमिगत वाहिन्यांचा मार्ग धरला. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम प्रकल्पाच्या २०१५ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रही होता आणि अलिबागच्या भूमिगत वाहिन्यांचे काम त्यात समाविष्ट होते. पाच वर्षांनी, जून २०२० मध्ये, ‘निसर्ग’ आले तेव्हा कोकणातील बहुतांश वाहिन्या खांबांवरच होत्या. रायगड-रत्नागिरीतील चाकरमान्यांची गावे त्यानंतर किती दिवस अंधारात होती, हे दिल्लीतील कोकणवासीयांना सांगायला नको. अर्थात सारेच जाळे जमिनीखाली नेणे परवडणारे नाही आणि पुराच्या प्रदेशात ते शहाणपणाचेही नाही. रुग्णालये, पाणीयोजना आणि उपकेंद्रे यांना जोडणाऱ्या वाहिन्या आधी मजबूत कराव्यात, पूररेषेतील उपकेंद्रांचे जोते उंच करावे, आणि उरलेल्या ठिकाणी चांगले खांब व थोड्या थोड्या अंतरावर ताण्यांचा आधार द्यावा, इतके पुरेसे आहे.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. जाळे खासगी कंपनीचे असेल तर सरकारी पैसा त्यात का ओतायचा? ओडिशाला हा प्रश्न नवा नाही. १९९९ मध्ये तेथील मध्य विभागाचे वितरण अमेरिकी ‘एईएस’कडे गेले, लगोलग महाचक्रीवादळ आले आणि २००१ मध्ये कंपनीने काढता पाय घेतला, त्यामागे थकबाकी व दरांचे वादही होते. आज तेथील वितरण कंपन्यांत टाटा पॉवरचे ५१ टक्के आणि राज्य सरकारचे ४९ टक्के भागभांडवल आहे. तरीही उत्तर अवघड नाही. अनुदानातून उभारलेल्या मालमत्तेवर कंपनीला परतावा व घसारा दरांतून वसूल करता येऊ नये, ही नियामकांची परिचित रीत आहे. ती कसोशीने पाळली तर सरकारी पैसा भागधारकांच्या नव्हे, ग्राहकांच्याच पदरात पडेल.

सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड २०२६ ते २०३१ असा आहे. या काळात गृह मंत्रालयाने एवढे करावे: खांब पुन्हा उभारताना मदत निधीचा दर आणि मजबूत खांबाची खरी किंमत यांतील फरक सौम्यीकरण निधीतून देण्याची मुभा निकषांतच लिहून टाकावी. ऊर्जा मंत्रालयाने आपल्या वितरण योजनांत किनारी जिल्ह्यांसाठी वाऱ्याच्या वेगाचे मानक अनुदानाची अट म्हणून घालावे. दोन मंत्रालयांतील ही फाइल कोणी हलवायची, यावर मात्र दिल्लीत अजून एकमत व्हायचे आहे.