जबाबदारीला मार्क किती?

दहावीचा निकाल लागला की मोबाइलवर दोन तऱ्हेच्या जाहिराती यायला लागतात. पहिलीत पासपोर्ट साइझ फोटोंची रांग, प्रत्येक फोटोखाली रँक आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'नवीन बॅच सुरू'. दुसरीत हिरवंगार मैदान, ब्लेझर-टाय घातलेली मुलं, एक घोडा, एक स्विमिंग पूल आणि 'ब्रिटिश पद्धतीचं निवासी शिक्षण'. पहिली बघून पोटात गोळा येतो. दुसरी आपण मित्राला फॉरवर्ड करतो आणि खाली लिहितो, 'आपल्या नशिबात कुठे राव हे!'

विषय तिथेच संपतो. वर्षाची फी लाखांत असते आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी तेवढ्यात मुलाचं पूर्ण शिक्षण उरकतं. पण या शाळा आता लांब राहिलेल्या नाहीत. २०२३ मध्ये हॅरोच्या नावाची शाळा बेंगळुरूत आली, वेलिंग्टन कॉलेजच्या नावाची पुण्यात आली. त्यामुळे एकदा नीट बघूया, की तिथे नक्की विकलं जातं काय? आणि त्यातलं पैशाशिवाय मिळण्यासारखं काही आहे का?

आधी अभ्यासाचं बघू. ब्रिटिश पद्धतीत मूल सोळाव्या वर्षी जीसीएसईच्या परीक्षा देतं. इंग्लंडबाहेरच्या शाळांसाठी १९८८ पासून आयजीसीएसई आहे. त्यानंतर दोन वर्षं ए लेव्हल. त्यात साधारण तीनच विषय घ्यायचे, पण खोलात जाऊन शिकायचे. विषय निवडताना फिजिक्सबरोबर इतिहास चालतो, गणिताबरोबर नाटक चालतं. 'सायन्स की आर्ट्स?' हा आपल्याकडे लग्नात भेटलेली मावशीसुद्धा विचारते तो प्रश्न तिथे त्या रूपात येत नाही. तीनच विषय म्हणजे सोळाव्या वर्षी बरीच दारं बंद करणं, अशी टीका त्यावरही होते आणि ती चुकीची नाही. पण निवड मुलाची असते, एवढं खरं.

आता राहणीचं. शाळेत 'हाउस' असतात. आपल्याकडे हाउस म्हटलं की स्पोर्ट्स डेला लाल, पिवळे, निळे टी-शर्ट आठवतात. बोर्डिंगमध्ये हाउस म्हणजे खरोखरचं घर. तिथेच झोपायचं, जेवायचं, भांडायचं. संध्याकाळी ठरावीक वेळ 'प्रेप', म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून केलेला अभ्यास. दुपारी मैदान, मग तुम्हाला खेळता येवो न येवो. आणि मोठ्या मुलांतले काही प्रीफेक्ट. ही रचना आपल्याला तशी परकी नाही. नवोदय विद्यालयात शिकलेल्या कोणालाही विचारा, तो अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी यातलं आपलं हाउस अजून छाती फुगवून सांगेल. साताऱ्यात १९६१ मध्ये सुरू झालेल्या सैनिक शाळेचा साचाही साधारण हाच.

या साच्याला आजचं रूप देण्याचं मोठं श्रेय जातं रग्बी शाळेच्या थॉमस अर्नोल्डला. तो १८२८ ते १८४१ तिथे हेडमास्तर होता. मोठ्या मुलांवर विश्वास टाकायचा आणि लहानांची जबाबदारी त्यांच्यावर सोपवायची, हे त्याने पद्धतशीर केलं. पुढे साम्राज्याला अधिकारी लागत होते आणि अशा शाळा ते पुरवत राहिल्या. हुकूम द्यायची सवय शाळेतच लागायची. त्याची काळी बाजूही होती. लहान मुलांनी मोठ्यांची हरकामं करायची, बूट पुसायचे, मार खायचा आणि ब्र काढायचा नाही. अधिकार दिला, पण त्याचा जाब विचारणारं कोणी ठेवलं नाही, की काय होतं ते या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवलं.

म्हणजे हॅरी पॉटरमधलं ते झकास हॉस्टेल आणि खरं हॉस्टेल यात बरंच अंतर आहे, मित्रांनो. मग यात घेण्यासारखं काय? त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगायला हवी.

कुर्ट हान. १८८६ मध्ये बर्लिनमध्ये, ज्यू कुटुंबात जन्मलेला शिक्षक. १९२० मध्ये त्याने जर्मनीत सालेम नावाची निवासी शाळा सुरू केली. १९३२ मध्ये नाझींच्या काही माणसांनी एका मजुराचा त्याच्या घरात घुसून खून केला आणि हिटलरने उघडपणे खुन्यांची बाजू घेतली. तेव्हा हानने शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं, की आता सालेम किंवा हिटलर, दोन्हींतलं एकच निवडा. हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये हानला अटक झाली. ब्रिटनमधून दबाव आला म्हणून तो सुटला आणि देश सोडून ब्रिटनमध्ये गेला. १९३४ मध्ये त्याने उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गॉर्डनस्टन ही शाळा काढली.

तिथे मुलं लॅटिन आणि गणित शिकायचीच. पण त्याबरोबर किनाऱ्यावर पहारा द्यायची, जहाज हाकायला शिकायची, आगीच्या बंबावर काम करायची. हानचं म्हणणं होतं की तरुण मुलांमधली सगळ्यात मोठी घसरण म्हणजे दुसऱ्याबद्दलची कणव आटणं. ती व्याख्यानाने परत येत नाही. कोणीतरी आपल्यावर खरोखर अवलंबून आहे हे मुलाला कळलं, तर येते.

१९६२ मध्ये वेल्समध्ये समुद्राकाठच्या एका जुन्या किल्ल्यात ॲटलांटिक कॉलेज सुरू झालं, तेही हानच्याच कल्पनेतून. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांवर गोळ्या झाडलेले देश नंतर एकत्र काम करू शकतात, तर त्यांच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी एकत्र राहून का शिकू नये, असा विचार. त्या किनाऱ्यावर बोटी बुडायच्या, माणसं अडकायची. बचावाचं काम कॉलेजच्या मुलांकडे आलं. त्यांना लागणारी बोट बाजारात नव्हती. रबरी बोट हलकी, पण खडकावर फाटायची. म्हणून शिक्षक आणि मुलांनी मिळून खाली टणक तळ आणि भोवती हवेच्या नळ्या अशी बोट करून पाहिली. मोडली, परत केली, असं बरीच वर्षं चाललं. आज जगभर बचाव पथकं आणि नौदलं वापरतात ती 'रिब' प्रकारची बोट त्यातूनच आली. तिचे हक्क ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला नाममात्र एका पौंडात देऊन टाकले गेले.

जरा थांबून विचार करा. आपल्या अकरावी-बारावीत ईव्हीएसचा प्रोजेक्ट असतो. तो आपण कुठून आणतो? सायबर कॅफेतून. किंवा ताईच्या जुन्या फाइलमधून, नाव बदलून. तो कोणी वाचत नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि आपल्याला ते माहीत आहे हे सरांनाही माहीत असतं. तिकडे मुलांनी केलेली बोट फाटली असती तर माणूस बुडला असता. फरक हुशारीचा नाहीच, आपल्या चुकीने कोणाचं काही बिघडतं का, याचा आहे.

ॲटलांटिक कॉलेजने १९७१ पासून ए लेव्हल सोडून पूर्णपणे आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट घेतलं. त्याचा हिशोब मजेशीर आहे. सहा विषय, प्रत्येकी ७ गुण, झाले ४२. ४,००० शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र निबंध आणि 'आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे, असं आपण कशावरून म्हणतो?' असं विचारणारा एक विषय, या दोन्हींचे मिळून जास्तीत जास्त ३. एकूण ४५. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कला, मैदान आणि समाजसेवा. तिला गुण किती? शून्य. पण ती पूर्ण केली नाही तर डिप्लोमाच मिळत नाही.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट आहे. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. ज्यांनी मनापासून केलं ते त्या कॅम्पच्या आठवणी अजून काढतात. पण पहिल्या दिवशी नाव नोंदवताना वर्गात सगळ्यात मोठ्याने विचारला जाणारा प्रश्न कुठला? 'सर, ग्रेस मार्क मिळतात ना?'

हानच्या विचाराची ही शाखा आपल्या शेजारीही आहे. पुणे जिल्ह्यात मुळशीच्या डोंगरावर १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. वेगवेगळ्या देशांतली मुलं तिथे दोन वर्षं एकत्र राहतात, आयबी शिकतात, आसपासच्या गावांत काम करतात. गरज बघून शिष्यवृत्तीही मिळते. त्यामुळे 'आपल्या नशिबात कुठे' म्हणण्याआधी एकदा अर्जाची माहिती तरी काढा.

पण आरती ओवाळायची घाई नको. स्कॉटलंडमध्ये मुलांच्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने अनेक बोर्डिंग शाळांची तपासणी केली, त्यात गॉर्डनस्टनही होती. लहानपणी घर तुटल्याची जखम मोठेपणी कशी वर येते, यावर ब्रिटनमध्ये मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलं आहे. त्याला 'बोर्डिंग स्कूल सिंड्रोम' असं नावही आहे. आणि फीचं काय? सेवा शिकायला लाखो रुपये मोजावे लागत असतील, तर ती शिकवण शेवटी कोणाच्या बायोडेटात जाऊन बसते हे सांगायला नको. 'आम्ही खेड्यात जाऊन मदत केली' असं लिहायचं, आणि ज्या खेड्यातल्या मुलाला अकरावीसाठी रोज दोन एसटी बदलाव्या लागतात, त्याच्या बायोडेटात मात्र तो रकाना रिकामा.

खरं म्हणजे आपल्याकडेही सोळाव्या वर्षी घर सोडणाऱ्या मुलांची फौज आहे. लातूर, कोटा, पुणे. कॉट, टेबल, ट्यूबलाइट, मेसचा डबा. कॉलेजात फक्त नाव, बाकी दिवस टेस्ट सिरीजचा. ही बोर्डिंगच आहे की! फक्त तिथे ना मैदान, ना हाउस, ना कोणाची काळजी घ्यायची वेळ. शेजारच्या कॉटवरचा मुलगा दोन दिवस जेवला नाही हे लक्षात येणं, हा कुठल्याच पेपरातला प्रश्न नसतो. दोन वर्षांत आपण या मुलांवर एकच जबाबदारी टाकतो, स्वतःच्या रँकची. त्यात चूक झाली तर त्याचं ओझं त्या एकट्याच्या डोक्यावर. असे एकटे पडलेले जीव कोट्यात काय करून बसतात, त्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

आणि याला पर्याय शोधायला इंग्लंडलाच जायला हवं असंही नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये, म्हणजे गॉर्डनस्टनच्या दहा वर्षं आधी, सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं. मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची आणि शिकायची. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिथे पोळी करपली तर सगळ्यांनाच करपलेली खावी लागणार, हे करणाऱ्याला ठाऊक होतं. कुर्ट हानला जे लाइफबोटीतून शिकवायचं होतं, ते इथे चुलीपाशी शिकवलं जात होतं.

म्हणून कॉलेजांकडे एक मागणी आहे, आणि तिला फी लागत नाही. मुलांच्या हातात काहीतरी खरं द्या. मेसचा हिशोब द्या, लायब्ररीची संध्याकाळ द्या, दहावीतल्या दोन कच्च्या मुलांचं गणित द्या. ईव्हीएसच्या प्रोजेक्टमध्ये गावच्या ओढ्याचं पाणी खरोखर तपासायला लावा आणि तो अहवाल ग्रामपंचायतीसमोर मांडायला सांगा. चुकू द्या, पण चूक कोणाला भोवली ते बघायला लावा. आणि अधिकार दिला की जाबही विचारा, नाहीतर रग्बीच्या प्रीफेक्टांची आणि आपल्या हॉस्टेलातल्या रॅगिंगवाल्या 'सीनियर'ची जात एकच.

आणि तुम्हाला? ती दुसरी जाहिरात परत आली, तर घोडा बघा, पूल बघा, हेवाही करा थोडा, त्यात काय! मग फोन खाली ठेवा आणि स्वतःला विचारा, मी आज माझं काम केलं नाही, तर माझ्याशिवाय आणखी कोणाचं अडेल? उत्तर 'कोणाचंच नाही' असं आलं, तर हॉस्टेलात राहत असाल तर उठा आणि शेजारच्या कॉटवरच्याला विचारा, 'जेवलास का रे?'