ओझूंची उसनी हॅट

यासुजिरो ओझू यांच्या ‘हिजोसेन नो ओन्ना’ (पोलिसांच्या वेढ्यातील स्त्री) या १९३३ सालच्या मूकपटाचा खेळ गेल्या महिन्यात येथील एका चित्रपटमंडळात झाला. पडदा काळा होतो न होतो तोच एका रसिक मित्रांनी निकाल देऊन टाकला : “ही सारी अमेरिकेची उसनवारी! खरे ओझू पाहावेत ते ‘टोकियो स्टोरी’त.” चार माना डोलल्या. मला शेवटची बस गाठावयाची होती, म्हणून मी गप्प राहिलो. त्या मौनाची भरपाई येथे करीत आहे.

उसनवारी आहे, हे मी आधीच कबूल करतो. जुना मुष्टियोद्धा असलेला टोळीनायक जोजी, दिवसा टंकलेखिका आणि रात्री त्याची सहचरी असलेली तोकिको, तिरप्या हॅटा, भिंतींवरील इंग्रजी अक्षरे, तबकड्यांच्या दुकानातील तो सुप्रसिद्ध कुत्रा, या साऱ्यांचा उगम कोठे आहे हे सांगावयास पंडित नको. परंतु १९२३ च्या भूकंपानंतर नव्याने उभ्या राहिलेल्या टोकियोच्या रस्त्यांवर हॅट आणि ग्रामोफोन होतेच की! ते वगळून ओझूंनी केवळ किमोनो आणि चेरीचा फुलोरा दाखविला असता, तर ती मात्र खरोखर नक्कल झाली असती, परक्यांना आवडणाऱ्या जपानची.

शिवाय उसन्या वस्तूकडे पाहण्याची नजर उसनी नाही. आरंभच पाहा. गुन्हेपटाची सुरुवात एका कचेरीत होते! घड्याळ, खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या हॅटा, टंकलेखिकांची रांग. त्यांतली एक हॅट कोणी स्पर्श न करता खाली पडते. बस्स, एवढेच. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. ज्याने खुंटीवरच्या आपल्याच छत्रीकडे पाहत साडेपाच वाजण्याची वाट पाहिली आहे, त्या माझ्यासारख्या कारकुनास त्या हॅटेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढे ओझूंचा कॅमेरा जवळजवळ अचल झाला. येथे तो टंकलेखिकांच्या रांगेवरून सरकत जातो. परंतु माणसाइतकेच वस्तूकडेही थांबून पाहण्याची त्यांची सवय येथे आधीच आहे. तोकिको पिस्तूल घेऊन काझुकोला धमकावण्यास जाते आणि त्या साध्या मुलीवर लोभावून तिचे चुंबन घेते, तेव्हा आपल्याला दिसतात ती केवळ दोघींची पावले. मोठ्या प्रसंगाकडे पाठ फिरविण्याची ही रीत अमेरिकेने शिकविली काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काझुकोच्या नादान भावाने दुकानाच्या गल्ल्यातून उचललेले पैसे भरून काढण्यासाठी जोजी-तोकिको शेवटचा दरोडा घालतात, आणि पोलीस पाठीवर असता तोकिको पकडले जाऊन नव्याने जगण्याचा हट्ट धरते. जोजी ऐकत नाही, तेव्हा ती त्याच्या पायावर गोळी झाडते. हा म्हणे सदाचाराचा पाठ, प्रेक्षकांच्या समाधानासाठी चिकटविलेला.

तसे असते, तर ओझूंनी सन्मार्ग निदान रमणीय तरी रंगविला असता. तसा तो नाही. दरोडा पडतो तो कोठे? तोकिकोच्याच कंपनीत, तिच्यामागे लागलेल्या मालकाच्या चिरंजिवांवर. अंगठी देऊन टंकलेखिकेला वश करू पाहणारा हा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे. म्हणजे प्रामाणिक नोकरीत काय काय गिळावे लागते, हे तोकिको पुरते जाणून आहे. किनुयो तानाकांच्या चेहऱ्यावर ती जाण सबंध चित्रपटभर वावरते. तुरुंगातून सुटल्यावर आपल्याला अशाच एखाद्या रांगेत, अशाच घड्याळाखाली बसावयाचे आहे, याविषयी तिला भ्रम नाही. तरीही ती चाप ओढते, आणि मग पळून न जाता त्याला मिठी मारून पोलिसांची वाट पाहत बसते.