पाहुणा, निर्वासित की शेजारी?

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि विश्वस्त मंडळींनो,



कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, तेथे पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी उभारली गेली. सोव्हिएत रशियाने घरादारातून हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे भारतात आली होती. सुमारे ५ हजार लोक, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४८ पर्यंत तेथे राहिले. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीमुळे सिंध सोडून आलेली कुटुंबे राहू लागली. आज ती वसाहत गांधीनगर म्हणून ओळखली जाते आणि कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे.

जागा एकच, निर्वासित समाज दोन. पोलिश लोकांची आठवण कोल्हापूरकर आजही कौतुकाने काढतात. पोलंडनेही ती जपली असून वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. सिंधी बांधव तर याच देशाचे. तरीही फाळणीनंतर अनेक शहरांत त्यांना सुरुवातीला संशयाला आणि टोमण्यांना तोंड द्यावे लागले. असे का व्हावे?

पहिले कारण मुक्कामाचे. पोलिश लोक परत जाणार हे ठरलेले होते आणि त्यांच्या खर्चाची सोय बाहेरून होती. सिंधी कुटुंबे मात्र कायमची आली आणि पोटासाठी दुकान मांडून बसली. पाहुण्याचे कौतुक होते, शेजारच्या नव्या दुकानदाराचे होत नाही. दुसरे कारण संख्येचे. १९५१ च्या जनगणनेत भारतातील विस्थापितांची संख्या ७० लाखांहून अधिक होती. घरे, पाणी, शाळेतील जागा यांवर खरोखरच ताण आला होता. म्हणून कुरकुर करणारा प्रत्येक माणूस दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. शासनाने सोय वेळेवर केली नाही, तर राग मात्र समोर दिसणाऱ्या निर्वासितावर निघतो.

पण खऱ्या ताणापेक्षा मनातला आकडा नेहमी मोठा असतो. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली अमेरिका आणि युरोपातील पाच देशांची पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत कायदेशीर स्थलांतरित सुमारे १० टक्के असताना लोकांचा सरासरी अंदाज ३६ टक्के निघाला! इतर देशांतही लोकांनी असाच फुगलेला आकडा सांगितला. ‘सगळीकडे हेच लोक झालेत’ हे वाक्य आपणही ऐकतो. ते बोलणाऱ्याने कधी मोजलेले नसते.

तिसरी गोष्ट शब्दांची. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे दोन्ही भाषांचे शब्द शेजारी ठेवून पाहण्याची सवय आहे. हिंदीत ‘शरणार्थी’ म्हणतात, म्हणजे आश्रय मागणारा. मराठीत ‘निर्वासित’, म्हणजे ज्याला घरातून घालवले गेले तो. पहिल्या शब्दात त्याची याचना दिसते, दुसऱ्यात त्याच्यावरचा अन्याय. फाळणीतून आलेल्या अनेकांना ‘शरणार्थी’ शब्द आवडत नसे. आम्ही ‘पुरुषार्थी’ आहोत, असे ते सांगत. माणूस तोच, पण नाव बदलले की पाहणाऱ्याची नजर बदलते.

आता स्वतःकडे पाहू. आपणही इंदूरचे मूळ रहिवासी नाही. होळकरांच्या पाठोपाठ आपले पूर्वज माळव्यात आले आणि १८१८ मध्ये इंदूर राजधानी झाल्यावर ही वस्ती वाढत गेली. आपल्याला कोणी शरणार्थी म्हटले नाही, कारण आपण सत्तेच्या सावलीत आलो. कोणी फौजेत होते, कोणी दफ्तरात, कोणी देवळात. बाहेरून येणे हा दोष असता, तर तो आपल्यालाही लागला असता. याचा अर्थ असा की ‘बाहेरचा’ हा शिक्का माणूस कुठून आला यावर जितका ठरतो, त्याहून अधिक तो रिकाम्या हाताने आला की नाही यावर ठरतो.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण आपल्या शाळेतच आहे. कामधंद्यासाठी शहरात आलेल्या कुटुंबांची मुले आता आपल्याकडे प्रवेश घेत आहेत. काही पालकांनी त्यांची तुकडी वेगळी करावी असे सुचवले आहे. ‘ही शाळा आपल्या मुलांसाठी काढली होती,’ हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. मराठी टिकावी ही काळजी मलाही आहे. पण जो मुलगा आपल्या वर्गात बसून मराठी वाचायला शिकेल, तो मराठी कमी करील की वाढवील?

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवर लिहिताना सांगितले की नुसते जवळ राहून मन बदलत नाही. त्यासाठी दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, काम मिळून करायला हवे आणि वरिष्ठांचा त्याला स्पष्ट पाठिंबा हवा. हे चारही एकाच छताखाली देऊ शकेल अशी जागा शाळेशिवाय दुसरी कोणती? वेगळी तुकडी केली की पहिलीच अट मोडते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे. तुकड्या एकत्र राहाव्यात, मराठी विषय सर्वांना असावा आणि नव्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर मराठीचा जादा तास ठेवावा. विश्वस्त मंडळाने तसा ठराव करावा, ही विनंती. पालकांनी घरात ‘ती बाहेरची मुले’ हा शब्दप्रयोग टाळावा, कारण मुले तो दुसऱ्याच दिवशी वर्गात आणतात. आणि विद्यार्थी मित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सिंधी कॉलनीतील एखाद्या आजी-आजोबांना भेटा. १९४७ नंतर त्यांच्या घरच्यांनी नव्याने संसार कसा उभा केला ते विचारा आणि एक पानभर लिहून आणा. निवडक पाने पुढील अंकात छापू.

आपला,
प्राचार्य