गांधीलमाशीच्या पोळ्याखाली पलिता नको

पावसाळा सरत आला की गोठ्याच्या आढ्यावर, झाडाच्या ढोलीत, नाहीतर बंद घराच्या माळ्यावर गांधीलमाश्यांची ये-जा एकदम डोळ्यांत भरते. मग कोणीतरी हमखास म्हणतं, ‘रात्री पलिता लावू, विषय संपला.’ मंडळी, हा उद्योग करू नका. ही माशी आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. पोळं डिवचलं की मात्र सोडत नाही. शिवाय पलित्याने गोठा पेटतो तो वेगळाच.

आधी माशी कोणती ते पाहा. भिंतीवर किंवा स्विचबोर्डाच्या भोकात मातीचं घर बांधणारी कुंभारीण एकटी राहते, तिला भ्यायचं कारण नाही. इमारतीच्या छज्ज्याला मेणाचं एकच मोठं पोळं लोंबत असेल आणि ते माश्यांनी झाकलेलं असेल, तर ते आग्या मोहोळ. वळचणीला उलट्या छत्रीसारखं उघडं कागदी पोळं करतात त्या लहान गांधीलमाश्या. आणि आपण बोलतोय ती मोठी, व्हेस्पा ट्रोपिका: जवळजवळ इंचभर लांब, काळपट अंग, पोटावर एकच ठळक नारिंगी-पिवळा पट्टा, त्यामागे पुन्हा काळं. लाकूड चघळून केलेल्या कागदाचं तिचं पोळं बहुधा आडोशाला, ढोलीत किंवा जमिनीखालच्या पोकळीत असतं. हिच्याच जातकुळीतली व्हेस्पा अफिनिस झाडाझुडपांत गोल पोळं टांगते. पट्टा तिलाही असतो आणि खबरदारीही तीच.

मोठीचं मुख्य खाद्य म्हणजे लहान गांधीलमाश्यांची पिल्लं. वळचणीखाली हा दरोडा पाहायला मिळतो. मोठी येऊन बसली की घरच्या माश्या बाजूला होतात. ती एकेक घर उचकटून अळी ओढून काढते, तिथेच चावून गोळा करते आणि घेऊन जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांच्या चमूने लहान गांधीलमाश्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथे त्यांची पोळी जाळीच्या खोलीत ठेवली, जाळीचं भोक पाऊण सेंटिमीटरचं. लहान माशी आरपार जाते, मोठी बाहेरच अडते. आपल्याला हा नुस्खा फुकटात मिळाला आहे: माळ्याच्या झरोक्यांना तेवढ्या किंवा त्याहून बारीक भोकांची जाळी ठोका. मात्र आत पोळं नाही याची खात्री करूनच.

पोळं रहदारीपासून लांब असेल तर राहू द्या. काही महिन्यांत ते ओस पडतं. मुलांना दगड मारू देऊ नका, जवळ गवत कापायचं यंत्र चालवू नका. त्या हादऱ्याने माश्या उठतात. पोळं दारात किंवा शाळेच्या वाटेवर असेल, तर संरक्षक पोशाख असलेल्या कीडनियंत्रणवाल्यांना किंवा अग्निशमन दलाला विचारा. घरात चुकून एखादी शिरली तर दिवा मालवा, खिडकी उघडा, ती वाट काढेल. पोळ्याजवळ माशी चिरडू नका. तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या चवताळतात. झुंड मागे लागलीच तर तोंड झाकून पळा आणि बंद खोली गाठा. विहिरीत उडी नको.

डंख झाला तर मधमाशीसारखा काटा आत राहत नाही, शोधत बसू नका. साबणाने धुवा, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, हाताला डंख असेल तर अंगठी-बांगड्या लगेच काढा. लोखंड घासणं, माती थापणं यात वेळ घालवू नका. पुष्कळ डंख झाले असतील तर माणूस ठणठणीत वाटला तरी दवाखान्यात न्या. या विषाने स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि ते एक-दोन दिवसांनी, लघवी कमी किंवा काळपट-लाल झाल्यावर कळतं.

एकच डंख असला तरी अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली किंवा चक्कर आली, तर घरी थांबू नका. त्या वेळी लागतं ते अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि तेही काही मिनिटांत. सरळ १०८ ला फोन लावा.