साडीगार्डवाली ट्रॅकर

बंगळुरूला जुन्या जावा-येझदीवाल्यांचा मेळावा होता. आमच्या गाडीसमोर एक वयस्कर गृहस्थ थांबले. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून मराठीतच म्हणाले, "अहो, वडिलांच्या गाडीची ही काय दशा केलीत? हा तर खून आहे!" त्यांची स्वतःची येझदी शेजारी उभी होती, आरशासारखी लखलखीत. ती टेम्पोत घालून आणली होती. आमची गाडी माझी मुलगी चालवत घेऊन आली होती. त्या दिवशी मी वयाचा मान ठेवून गप्प बसलो. उत्तर आज देतो.

वडील धारवाडला टेलिफोन खात्यात होते. 1981 साली त्यांनी म्हैसूरच्या कारखान्यातली रोडकिंग घेतली आणि पंचवीस वर्षं तिच्यावरून खांब आणि तारा तपासत हिंडले. मूळ कार्बोरेटर गेला तेव्हा त्यांनी दुसऱ्याच गाडीचा बसवला. सीटला बाजारातलं रेक्झिन चढवलं. शिडी बांधायला कॅरिअर जोडून घेतलं. ते गेल्यावर गाडी अकरा वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत पडून होती. दरम्यान गिऱ्हाइकं येऊन गेली. प्रत्येकाचं एकच म्हणणं: बाहेरून लावलेलं सगळं काढून टाकू, गाडी 'ओरिजिनल' करू. म्हणजे कारखान्याची गाडी परत मिळवण्यासाठी आधी माझ्या वडिलांना तिच्यातून काढायचं. या असल्या शुद्धतेला मी हात जोडतो.

आपल्याकडे कुठली जुनी फटफटी ओरिजिनल राहिली आहे? येझदीचा कारखाना 1996 साली बंद पडला. त्यानंतर या गाड्या जगल्या त्या गल्लीतल्या लेथवाल्यांमुळे आणि भंगारातून नेमका भाग हुडकून आणणाऱ्या मेकॅनिकांमुळे. ते बदल करत राहिले म्हणून गाड्या रस्त्यावर राहिल्या. मेळाव्यात त्याच बदलांना खून म्हणायचं, ही कृतघ्नता आहे.

मुलीला गाडी हवी होती, पण उचलवत नव्हती. तिचं वजन 48 किलो. भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी भरली 141. तेव्हा मला फ्लॅट ट्रॅकची आठवण झाली. अमेरिकेत मातीच्या लंबवर्तुळाकार मैदानावर या शर्यती होतात. स्वार सतत डावीकडे वळतात, डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधून तो जमिनीवर घासत नेतात आणि मागचं चाक मुद्दाम घसरवतात. 1973 आणि 1974 साली तिथलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा केनी रॉबर्ट्स ही घसरण अंगात मुरवूनच पुढे डांबरी ट्रॅकवर तीनदा जगज्जेता झाला. या गाड्यांवर बिनकामाचं काही नसतं. फेऱ्या थोड्या म्हणून टाकी लहान, घसरती गाडी सावरायची म्हणून हँडल रुंद. पुढचा ब्रेकसुद्धा नसतो.

'जावाचा आणि मातीचा काय संबंध?' असं विचारणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. चेकोस्लोव्हाकियात स्पीडवेच्या गाड्या बनवणारा एसो हा कारखाना 1964 साली जावात विलीन झाला आणि पुढे मातीच्या गोल मैदानांवर जावाच्या इंजिनांनी जग गाजवलं. हे रक्त परकं नाही.

आता शुद्धतावाद्यांना सोडून दुसऱ्या टोळीकडे वळतो, कारण ती मला आपलं समजते. हे हौशी लोक गाडीला ट्रॅकर करतात म्हणजे टाकी रंगवतात, ट्रॅक्टरला शोभतील असे जाड टायर घालतात, बाजूला शर्यतीची खोटी नंबरपाटी लावतात, ग्राइंडरने फ्रेमचा मागचा भाग उडवतात आणि सायलेन्सर उपटून फेकतात. काट्यावर नेली तर गाडी पूर्वीपेक्षा जड भरायची. वर सायलेन्सर काढल्याने जोर वाढला असं सांगतात. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्यातून परत फिरणारी दाबाची लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. तो काढला की जोर जातो, उरतो फक्त शेजाऱ्यांना त्रास. काढण्यापूर्वी तो भाग काय करत होता हे ज्याला माहीत नाही, त्याने पाना हातात घेऊ नये.

आम्ही नियम एकच ठेवला: जे पान्याने सुटेल तेच काढायचं, ग्राइंडर लावायचा नाही. लेगगार्ड गेला, लोखंडी कॅरिअर गेलं, मेन स्टँड गेला, टूलबॉक्स गेला. पत्र्याच्या जड मडगार्डांच्या जागी ॲल्युमिनियमची पातळ मडगार्ड आली, सीट सडपातळ झाली, हँडल रुंद झालं. दोन्ही ब्रेक आणि दोन्ही सायलेन्सर जागच्या जागी. किकचीच दांडी गिअरची दांडी, ती येझदीची खोडही जागच्या जागी. वडिलांनी बसवलेला कार्बोरेटर तसाच. आणि साडीगार्डसुद्धा, कारण मागे माणूस बसवायचा तर मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं असा नियम आहे आणि मागे माझी आई बसते. काटा म्हणाला 122. काढलेलं सारं तेल लावून ट्रंकेत ठेवलं आहे. नातवंडांना वाटलं तर एका रविवारात गाडी होती तशी होईल. खून झालेला माणूस असा परत येत नाही.

कायद्याचं भय दाखवणाऱ्यांनाही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी वाचलं आहे. गाडीचं मूळ वैशिष्ट्यच बदलेल असा रचनेतला बदल ते रोखतं, आणि फ्रेम कापणाऱ्यांना रोखायलाच हवं. पण 2021 च्या व्हिंटेज नियमांबद्दल माझी तक्रार आहे. पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मात्र मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. मेळावा, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढीच मुभा. शुद्धतावाद्यांना हा सन्मान वाटतो. मला ती पेन्शन वाटते. ज्या गाडीने पंचवीस वर्षं नोकरी केली तिला काम नको, नुसतं दिसणं पुरे, हे कुणी ठरवलं?

त्या गृहस्थांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमची गाडी सुंदर आहे, तिला माझा नमस्कार. पण पुढच्या मेळाव्याला टेम्पो घरी ठेवा आणि तिच्यावर बसून या. वाटेत बंद पडली तर माझी मुलगी थांबेल. पाने तिच्याजवळ असतात.