गारगोटीच्या गुंठ्याचे मोल

वेदगंगेच्या काठी, डोंगरांच्या कुशीत वसलेले गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे ठाणे. येथे घरापुरती जागा घेणे शिक्षकाला वा कारकुनाला आता सोपे राहिलेले नाही. त्याचे खापर एकट्या दलालाच्या माथी फोडणे आम्हांस पटत नाही. या मातीला मोल आले कशाने? तालुक्याच्या कचेऱ्यांनी, एस. टी. स्थानकाने आणि जे. पी. नाईक यांनी ज्याच्या उभारणीत मोठा वाटा उचलला त्या मौनी विद्यापीठाने. म्हणजे भाव वाढविला समाजाने. लाभ मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचा!

बरे, पैसे मोजूनही निर्वेध हक्क मिळेलच असे नाही. शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला. तरीही साध्या कागदावर गुंठे विकण्याचा प्रकार राज्यात बोकाळला. अशा जागेला ना बिनशेतीचा दाखला, ना बँकेचे कर्ज. मग गरजू माणसाने सावकाराचे दार ठोठावावे काय? गावठाण विस्ताराची तरतूद सरकारदप्तरी जुनीच आहे. तिच्या आधारे मोजणी केलेले भूखंड, स्वतः राहण्यासाठी घर बांधणाऱ्यालाच द्यावेत व काही वर्षे त्यांच्या विक्रीस बंदी घालावी.