बिबट्या आणि समुद्रकाकडी: कायदा एक, न्याय दोन

खास प्रतिनिधी

नाहूर स्थानकाच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत, तर पूर्वेला ठाण्याची खाडी. बिबट्या हा येथील रहिवाशांचा जुना शेजारी. उद्यानाखालून जाणाऱ्या गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांचा विषय निघाला की त्याची आठवण होतेच. मात्र, कायद्याने बिबट्याच्या पंक्तीला बसवलेला एक सागरी जीव आपल्या गावीही नसतो. तो म्हणजे समुद्रकाकडी.

२००१ साली केंद्र सरकारने समुद्रकाकडीच्या सर्व जातींचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात समावेश केला. मन्नारच्या आखातात आढळणारी 'होलोथुरिया स्काब्रा' ही जात जागतिक यादीत 'संकटग्रस्त' आहे, तर बिबट्या 'असुरक्षित' वर्गात. म्हणजेच धोक्याच्या मोजपट्टीवर ही कणाहीन काकडी बिबट्याच्या एक पायरी पुढे आहे. वाळू गिळून त्यातील सेंद्रिय अंश पचवणारा हा जीव समुद्रतळाचे गांडूळच म्हणावा लागेल.

तरीही दोघांच्या वाट्याला आलेला न्याय वेगळा आहे. २०२२ च्या गणनेनुसार देशात १३,८७४ बिबटे असल्याचा अंदाज आहे. समुद्रतळाची अशी देशव्यापी गणना होत नाही. उकडून वाळवलेल्या समुद्रकाकडीला चीन व आग्नेय आशियात मोठी किंमत मिळते. त्यामुळे बंदी असूनही तस्करी थांबलेली नाही. लक्षद्वीपमध्ये २०२० साली तिच्यासाठी २३९ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र जाहीर झाले, हा स्वागतार्ह अपवाद.

खरा फरक आहे तो माणसांच्या सहभागाचा. २००४ साली उद्यानालगत बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे बळी गेले. केवळ पिंजरे लावून प्रश्न सुटत नाही, हे त्यानंतर उमगले आणि २०११ पासून वन विभागाने रहिवाशांना सोबत घेऊन जनजागृती हाती घेतली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र बंदीचा भार मच्छीमारांवर पडला. पलीकडे श्रीलंकेत परवान्याने चालणारा व्यवसाय येथे गुन्हा ठरतो. सरसकट बंदीऐवजी नियंत्रित मासेमारी हवी, ही त्यांची मागणी जुनीच आहे.

ती मान्य करावी की नाही, यावर दुमत असू शकते. परंतु आधी समुद्रतळाची मोजदाद आणि मच्छीमारांशी संवाद हवा. शेजाऱ्याला विश्वासात घेतल्याविना वन्यजीव वाचत नाही, हा बिबट्याने मुंबईला शिकवलेला धडा समुद्रालाही लागू पडतो.